सोलापूरच्या सिमेंटवर आइस हॉकी: आधी उभं राहायला शिका

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. अशा गावात मी पोरांना आइस हॉकीचे डावपेच शिकवतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग हमखास विचारतात, "बर्फ कुठनं आणता?" एका पालकानं तर बर्फाच्या कारखान्यात आपली ओळख असल्याचंही सांगितलं होतं.

बर्फ आणत नाही. बर्फ लागतो तो पायांना. स्केटच्या धारेवर तोल धरणं, पाय आडवे करून थांबणं, हे बर्फावरच शिकावं लागतं. पण सामना ६० मिनिटांचा असतो, त्यात पहिल्या फळीतला खेळाडूसुद्धा साधारण २० मिनिटं आत असतो, आणि त्या २० मिनिटांत त्याच्या काठीला पक (चेंडूऐवजी असते ती चपटी रबरी चकती) चिकटलेला वेळ जेमतेम मिनिट-दोन मिनिटं भरतो. उरलेल्या वेळात तो कुठं उभा आहे, कुणावर नजर ठेवून आहे, कुठल्या बाजूला सरकतोय, त्यालाच डावपेच म्हणायचं. एवढं शिकायला बास्केटबॉलचं कोर्ट, खडू, शिट्टी आणि दहा पोरं पुरतात.

हा काही माझा शोध नाही. सोव्हिएत संघात या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९४६ साली. १९५४ मध्ये त्यांचा संघ पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत उतरला आणि शेवटच्या सामन्यात कॅनडाला ७-२ असं हरवून विजेता झाला. त्यांचे नामवंत प्रशिक्षक अनातोली तारासोव्ह तर बर्फाबाहेरच्या सरावासाठीच ओळखले जातात. कुस्तीगीर आखाड्याबाहेर जोर-बैठका काढतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथं बैठका डोक्यानं काढायच्या.

कोर्ट आखताना

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. लांबीची वाटणी अशी: मैदानाच्या कडेच्या मागच्या फळीपासून गोलरेषेपर्यंत ११ फूट, तिथून निळ्या रेषेपर्यंत ६४ (निळ्या रेषेच्या आतला तो त्या संघाचा भाग), दोन निळ्या रेषांमध्ये ५०, मग पलीकडं पुन्हा ६४ आणि ११. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर, म्हणजे साधारण ९२ बाय ४९ फूट. हिशेब केला तर लांबी खऱ्या मैदानाच्या ४६ टक्के भरते. म्हणून कोर्टवर ५, साडेएकोणतीस, २३, साडेएकोणतीस, ५ अशी मापं टाका. रुंदी याच प्रमाणात ३९ फूट हवी, त्यामुळं दोन्ही बाजूंना पाच-पाच फुटांची पट्टी मोकळी राहते. ती पुसू नका, बदली खेळाडूंसाठी तिचा फार उपयोग होणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची आखणी. गोलरेषेपासून ९ फूट पुढं आणि गोलच्या मध्यापासून डावी-उजवीकडं १०-१० फुटांवर एकेक ठिपका काढा. खऱ्या मैदानावर फेसऑफ, म्हणजे दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करणं, ज्या ठिपक्यांवर होतो त्यांची ही छोटी आवृत्ती. गोलच्या दोन्ही खांबांपासून या ठिपक्यांपर्यंत तिरक्या रेषा न्या, तिथून सरळ वर गोलरेषेपासून १६ फुटांपर्यंत, आणि वर आडवी रेष मारून बंद करा. लहान पोरं घराचं चित्र काढतात तसा आकार दिसेल. आम्ही त्याला घरच म्हणतो. बहुतेक गोल या घरातून होतात. बचावाचा सगळा खटाटोप समोरच्याला घराबाहेर ठेवण्यासाठी, आणि चढाईचा आत शिरण्यासाठी.

रेषांना फक्की मारू नका. पुढं स्केट घातले की तिच्यावरून चाकं घसरतात. खडू वापरा, परवानगी असेल तर ऑइलपेंट. सराव सुरू करण्याआधी कोर्ट झाडून घ्यायचं, सोलापूरची धूळ चाकाखाली वाळूसारखी वागते.

खरा गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असतो. आपल्याला ३ फूट अंतरावर दोन विटा चालतील. गोलमागं एक जुनी सोलापुरी चादर टांगा. चेंडू तिच्यावर आपटून जागच्या जागी मेल्यासारखा पडतो, जाळीचा खर्च वाचतो. पकऐवजी टेप गुंडाळलेला टेनिस बॉल घ्या, तो कमी उसळतो. कोर्टच्या एका बाजूला कंपाउंडची भिंत असेल तर नशीबवान आहात. आइस हॉकीत मैदानाभोवतीची फळी हा जणू सहावा खेळाडू असतो, तिच्यावर आपटून पास दिले जातात. भिंत नसेल तर त्या बाजूला बाक आडवे टाका.

काठी आणि स्केट, दोन्ही बाजूला ठेवा

माझी पहिली चूक इथंच झाली. पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्केट घालायला लावले. पोरांचं सगळं लक्ष पडू नये इकडं. कोण कुठं उभा आहे याचं कुणाला भान नव्हतं. चेंडू दिसला की गुळाला मुंगळे लागावेत तसे नऊ जण त्याच्याभोवती. दहावा बाजूला बसून लेस बांधत होता.

आता पहिले दोन आठवडे साधे बूट, आणि चेंडू हातानं टाकायचा. हातात चेंडू असताना दोनच पावलं टाकायची, मग पास द्यायचाच. हातानं पास अचूक जातो, त्यामुळं चूक झाली तर ती जागेची असते, काठीची नसते. तिसऱ्या आठवड्यात काठ्या आणि चौथ्यापासून स्केट. शहरात इनलाइन स्केटिंग करणारी पोरं बरीच आहेत, त्यांना ही वाट पाहणं जड जातं. थांबवून ठेवा. शिवाय इनलाइन हॉकी खेळलेल्यांना वेगळी सवय असते: तिथं गोली सोडून चारच खेळाडू असतात आणि निळ्या रेषा नसतात.

मैदानी हॉकी खेळलेलं पोरगं आलं तर काठीबाबत दोन गोष्टी सांगाव्या लागतात. मैदानी हॉकीत काठीची एकच सपाट बाजू वापरायची असते, इथं पात्याच्या दोन्ही बाजू चालतात. आणि तिथं सगळेच डावा हात वर धरतात, इथं डावखुऱ्या-उजव्या दोन्ही काठ्या असतात. पोराला जे सहज वाटतं ते धरू द्या.

सहा जणांची कामं

गोली, दोन डिफेन्स, एक सेंटर, दोन विंग. मुलांना एवढंच सांगा की विंगनं आपल्या बाजूची लांबीभर पट्टी सांभाळायची, डिफेन्सनं घर, आणि सेंटरनं मधली लांब वाट या गोलपासून त्या गोलपर्यंत. सेंटरला सगळ्यात जास्त पळावं लागतं. म्हणून तिथं सगळ्यात वेगवान पोरगं ठेवायचा मोह होतो. मी सगळ्यात जास्त इकडंतिकडं बघणारं पोरगं ठेवतो.

घर राखणं

सुरुवात चढाईपासून करू नका. पोरांना चढाई आवडते, पण ती शिकवायची म्हटली की पुन्हा चेंडूमागं धावणं सुरू होतं. आधी आपल्या भागातला बचाव.

समजा चेंडू समोरच्या संघाकडं, आपल्या डाव्या कोपऱ्यात आहे. डावा डिफेन्स त्या माणसावर जातो, पण स्वतःचं अंग कायम तो माणूस आणि गोल यांच्या मध्ये ठेवून. सेंटर त्याच्या मदतीला, दीड-दोन काठ्यांच्या अंतरावर, घराच्या बाजूनं. दोघांच्या झटापटीतून सुटलेला चेंडू उचलणं हे त्याचं काम. उजवा डिफेन्स गोलसमोर, तिथल्या विरोधी खेळाडूच्या काठीला लागून. डावा विंग वर, निळ्या रेषेवरच्या आपल्या बाजूच्या विरोधी खेळाडूच्या आणि गोलच्या मध्ये, पासची वाट अडवून. आणि उजवा विंग? तो खाली घराच्या वरच्या भागात येतो, मधोमध.

ही उजव्या विंगची जागा सगळ्यात अवघड. तिथं बराच वेळ काहीच घडत नाही. आमच्यातला एक सारखा म्हणायचा, "सर, बॉल तिकडंय अन् मी हितं काय करायलोय?" त्याच्या जागेवरून मग मीच त्याला हलवून दाखवलं. विरोधी पोरानं कोपऱ्यातून मध्ये पास टाकला, समोर मोकळा गोल. त्यानंतर त्यानं तो प्रश्न विचारला नाही.

सराव असा घ्या. पाच जण चढाईला, पाच बचावाला. चढाईवाले फक्त पास देत चेंडू फिरवतात, गोलवर मारत नाहीत. बचाववाले चालत सरकतात, पळायचं नाही. मध्येच शिट्टी. शिट्टीला सगळे पुतळे. मग प्रत्येक बचाववाल्यानं एका हाताचं बोट चेंडूकडं आणि दुसऱ्या हाताचं बोट आपल्या माणसाकडं दाखवायचं, डोकं न वळवता. ज्याला डोकं वळवावं लागलं तो चुकीच्या कोनात उभा होता. पहिल्या दिवशी दहापैकी दोघांना जमलं तरी पुष्कळ.

चेंडू गोलमागून उजव्या कोपऱ्यात गेला की सगळी रचना आरशातल्यासारखी उलटते. डावा विंग खाली मध्ये येतो, उजवा वर जातो, डिफेन्सची अदलाबदल होते. इथला नियम एकच, पण तो रक्तात मुरला पाहिजे: गोलसमोरचा डिफेन्स तेव्हाच निघतो, जेव्हा दुसरा गोलसमोर पोचलेला असतो. गोलसमोरची जागा एक क्षणही रिकामी नको. रात्रपाळीचा कामगार येईपर्यंत दिवसपाळीवाला माग सोडत नाही, हे आमच्याकडच्या यंत्रमाग कामगारांच्या पोरांना समजवावं लागत नाही.

या एका सरावावर मी पूर्ण दोन आठवडे घालवतो. पालक कंटाळतात. पोरं सहसा नाही, कारण पुतळ्यांच्या खेळात पकडले जाण्याची गंमत असते.

ब्रेकआउट: बाहेर पडणं

चेंडू आपल्याकडं आला, आता आपल्या भागातून बाहेर काढायचा. दर्जेदार संघ आणि साधा संघ यांतला फरक मला इथं सगळ्यात स्पष्ट दिसतो. हौशी संघ चेंडू कसाबसा भिरकावतो, तो निळ्या रेषेवर अडवला जातो आणि पुन्हा आपल्याच अंगावर येतो.

चित्र डोळ्यांसमोर आणा. चेंडू आपल्या कोपऱ्यात गेलाय, आपला डिफेन्स तो आणायला मागं पळतोय, पाठीवर एक विरोधी धावून येतोय. डिफेन्सचं तोंड भिंतीकडं आहे. म्हणजे ज्याच्या हातात चेंडू येणार त्यालाच मैदान दिसत नाही! दिसतं ते त्याच्या जोडीदार डिफेन्सला आणि गोलीला. म्हणून निर्णय त्यांनी घ्यायचा आणि ओरडून सांगायचा. चेंडू आणणाऱ्यानं पोचेपर्यंत दोनदा खांद्यावरून मागं बघायचं आणि हाकेवर विश्वास ठेवायचा.

हाका पाच. जगभर त्यांना अप, ओव्हर, व्हील, रिव्हर्स आणि रिम म्हणतात. आमच्या कोर्टवर त्यांची बारशी वेगळी झाली आहेत.

"वर!" म्हणजे आपल्याच बाजूच्या विंगला पास. तो भिंतीला पाठ लावून, मैदानाकडं तोंड करून थांबलेला असतो. "धोटा!" म्हणजे गोलमागून दुसऱ्या डिफेन्सला आडवा पास. मागावर धोटा या टोकापासून त्या टोकाला जातो तसा चेंडू जातो आणि धावून आलेला विरोधी चुकीच्या बाजूला अडकतो. हे नाव एका पोरानं पहिल्याच दिवशी दिलं, मला सुचलं नसतं. "फिर!" म्हणजे पास न देता स्वतःच गोलला वळसा घालून निघायचं, पाठीवरचा माणूस मंद असेल तेव्हा. "मागं!" म्हणजे वळसा घालतोय असं भासवून चेंडू भिंतीला लागून उलट दिशेनं मागं सोडायचा, तिथं जोडीदार येतो. पाचवी "भिंत!", चेंडू फळीला लावून जोरात पलीकडच्या विंगपर्यंत फिरवणं. सपाट कोर्टवर ती नीट शिकवता येत नाही, गोल कोपरेच नसतात. ओळख करून देऊन सोडून द्या.

या सगळ्यात सेंटरनं काय करायचं? चेंडूच्या बाजूनं खाली यायचं, घराच्या पायथ्यापर्यंत, आणि तिथून वळून वर निघायचं. विंगला पास मिळतो त्या क्षणी सेंटर त्याच्या आतल्या बाजूनं वर चाललेला असावा. उभ्या सेंटरला दिलेला पास वाया जातो. दूरच्या विंगला पुढं पळून जायची हुक्की येते. त्याला मधल्या पट्ट्यात तिरकं यायला लावा.

सरावाचा क्रम: आधी पाच जण, विरोधी कुणीच नाही, चालत, प्रत्येक हाक दहा-दहा वेळा. मग एक विरोधी, मग दोन, मग तीन. विरोधी वाढला की लगेच पळायची घाई करू नका. हाक उशिरा आली तर चेंडू जप्त, पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडं जोडीदार हाक द्यायला लाजायचे. मग मी नियम केला की हाक कोर्टबाहेरच्या चहावाल्याला ऐकू गेली पाहिजे. चहावाल्यानं हे काम मनापासून केलं.

निळी रेषा आणि अंतर

ऑफसाइडचा नियम सोपा आहे: समोरच्यांच्या निळ्या रेषेपलीकडं पक आधी जातो, मग माणसं. मैदानी हॉकीत ऑफसाइड राहिलेला नाही, त्यामुळं तिथून आलेली पोरं सुरुवातीला सारखी आत घुसून उभी राहतात. रेषेपाशी पोचलात आणि चेंडू अजून मागं असेल तर थांबू नका. रेषेला समांतर आडवं पळा. वेग टिकतो, वेळही मिळतो. तीन-तीनच्या जोड्या करून एवढंच पंधरा मिनिटं घोटा.

दुसरा नियम आइसिंगचा. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेला पक कुणालाही न लागता समोरच्या गोलरेषेपलीकडं गेला की खेळ थांबतो आणि फेसऑफ मारणाऱ्याच्याच भागात होतो. म्हणजे घाबरून लांब फेकणं फुकट नाही.

आता डिफेन्सची खरी परीक्षा: अंगावर चाल करून येणाऱ्याला मागं सरकत अडवणं. इथं आट्यापाट्या कामाला येतात. पाटीवरचा खेळाडू काय करतो? समोरच्याच्या हातांकडं बघत नाही, छातीकडं बघतो. हात झुकांडी देतात, छाती देत नाही. आपली रेष सोडत नाही. आइस हॉकीतला डिफेन्स म्हणजे पाटीवरचाच माणूस, फक्त त्याची पाटी त्याच्याबरोबर मागं सरकत असते.

अंतराचं सूत्र: निळ्या रेषेपाशी पोचेपर्यंत चढाईवाला तुमच्यापासून काठीभर लांब हवा. त्याहून लांब ठेवलात तर तो आरामात आत येऊन मारतो, जवळ घेतलात तर बगलेतून निसटतो. आणि तुम्ही कायम ठिपक्यांच्या आतल्या बाजूला. समोरच्याला भिंतीची बाजू द्या, घराची देऊ नका. सरावाला लांबीभर एक अरुंद पट्टा आखा, एक जण पुढं येईल, एक मागं चालेल, हातात काठी एकच, बचाववाल्याकडं. ती त्यानं पुढं जमिनीवर टेकवलेली ठेवायची. अंतर काठीपेक्षा कमी-जास्त झालं की डाव बाद. बाजूला बसलेली पोरं पंचगिरी करतात, आणि पोरांइतके कडक पंच दुसरे नाहीत.

दाबायचं की सापळा लावायचा

चेंडू समोरच्यांच्या भागात, त्यांच्याच ताब्यात असताना आपण कसं उभं राहायचं याच्या रचना आकड्यांत सांगतात. मोजणी पुढून मागं, गोली सोडून.

१-२-२ मध्ये एक जण पुढं जातो, दोन विंग त्याच्या मागं दोन बाजूंना, दोन डिफेन्स सगळ्यात मागं. पुढचा माणूस चेंडू हिसकावायला जात नाही, हे पोरांना पटायला वेळ लागतो. तो बाकदार वळणानं, मधल्या बाजूनं येतो आणि समोरच्याला एका कडेला हाकतो. गुरं वळवताना आपण सरळ अंगावर जात नाही, बाजूनं जातो, तसं. कबड्डीत चढाईवाल्याला कोपऱ्याकडं ढकलत नेतात ना, अगदी तेच. कडेला गेला की भिंत आणि विंग यांच्यात तो सापडतो.

२-१-२ मध्ये दोघं आत घुसून दाबतात, तिसरा घराच्या वरच्या टोकाशी थांबतो. चेंडू लवकर मिळतो, पण ते दोघं चुकले तर समोरून तीन जण आपल्या दोघांवर येतात. नव्या संघानं १-२-२ नेच सुरुवात करावी. २-१-२ शिकवायची तर तिसऱ्याच्या पायाशी खडूनं गोल काढा आणि त्यातून बाहेर पडलास तर पाच बैठका, असं सांगा. सगळे घोटाळे तिसरा पुढं धावल्यामुळं होतात.

हीच १-२-२ थोडी मागं, मैदानाच्या मधल्या पट्ट्यात उभी केली की तिचा सापळा होतो. १९९५ साली न्यू जर्सी डेव्हिल्स या संघानं प्रशिक्षक जॅक लेमेअर यांच्या हाताखाली असा सापळा लावून डेट्रॉइट रेड विंग्जसारख्या तगड्या संघाला अंतिम फेरीच्या मालिकेत ४-० असं हरवलं आणि एनएचएलचा विजेतेपदाचा स्टॅनली कप नेला. प्रेक्षक वैतागले, खेळ रटाळ झाला अशी ओरड झाली. तेव्हा आपल्या भागातून थेट लाल रेषेपलीकडं पास द्यायला तिथं बंदी होती. ती २००५ मध्ये उठली आणि सापळा भेदणं सोपं झालं. डेट्रॉइटनंही मधल्या पट्ट्यात डावा विंग मागं ठेवायची स्वतःची पद्धत बसवली आणि १९९७, १९९८ असे लागोपाठ दोन कप जिंकले. मला व्यक्तिशः सापळा आवडत नाही. पण तो शिकवतो, कारण ज्याला लावता येतो त्यालाच तोडता येतो.

बदली

पाच फुटांची ती पट्टी आठवते? आइस हॉकीत खेळ चालू असताना हवे तितक्या वेळा खेळाडू बदलता येतात. एक पाळी साधारण ४०-४५ सेकंदांची. एनएचएलमध्ये बाहेर येणारा खेळाडू बाकापासून ५ फुटांच्या आत आला की नवा आत जाऊ शकतो. आपली पट्टी नेमकी तेवढीच आहे. जुना पट्टीत पाय ठेवेल तेव्हाच नवा निघेल.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पाहिलेल्या पोराला याचं मर्म लगेच कळतं. एकाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेवर काठी जाताना ती कलता कामा नये, आणि दमून हात थरथरायला लागेपर्यंत कुणी थांबत नाही. त्याआधीच पुढचा तयार असतो. बदलायचं केव्हा? चेंडू समोरच्यांच्या भागात खोल असताना. आपल्या गोलकडं येत असताना कधीच नाही, कितीही दम लागला असला तरी. दर ४० सेकंदांनी शिट्टी मारून याचा सराव घ्या. उन्हाळ्यात ३० सेकंद करा. आमचा सराव पहाटे सहाला सुरू होतो, मार्चनंतर साडेपाचला, आणि आठनंतर कोर्टवर कुणी थांबत नाही.

पॉवरप्लेबद्दल थोडक्यात. साध्या चुकीला खेळाडू २ मिनिटं बाहेर बसतो आणि त्याचा संघ चौघांवर येतो; समोरच्या पाच जणांसाठी तो पॉवरप्ले. चौघांनी घराभोवती चौकोन करायचा, काठ्या पासच्या वाटेत टेकवून, आणि चेंडूमागं कोपऱ्यात धावायचं नाही. पाच जणांनी १-३-१ असं उभं राहायचं, मधला माणूस चौकोनाच्या पोटात. अपुऱ्या संघानं चेंडू लांब मारला तर त्याला आइसिंग लागत नाही, हेही सांगून ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत याहून जास्त नको.

गोलीसाठी सुतळी

गोलीला कोन शिकवायला लांब सुतळी घ्या. तिची दोन टोकं दोन खांबांना बांधा, मधला भाग ओढून चेंडूपर्यंत आणा. त्रिकोण तयार होतो. गोलीनं त्या त्रिकोणाच्या बरोबर मध्ये उभं राहायचं. दोन पावलं पुढं आला की दोन्ही बाजूंना उरणारी फट किती आकसते हे त्याला डोळ्यांनी दिसतं. चेंडू हलवा, सुतळी हलते, गोली हलतो. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड सगळ्यांना सक्तीचे, चेंडू गुडघ्याच्या वर मारायचा नाही, आणि अंगावर आदळणं मुलांच्या सरावात पूर्ण बंद.

सामना बघायची रीत

एनएचएलचे बरेच सामने आपल्याकडं पहाटे साडेचार-साडेपाचच्या सुमाराला सुरू होतात, म्हणजे सुट्टीच्या दिवशी सरावाऐवजी बघता येतात. पोरांना सांगा, पक बघू नका. प्रत्येकानं एक खेळाडू निवडायचा, शक्यतो पकपासून सगळ्यात लांबचा विंग, आणि त्याची एक पूर्ण पाळी फक्त त्यालाच बघायचं. वहीत रिंकचं चित्र काढून त्याच्या वाटेची रेष मारायची. कॅमेरा बहुतेक वेळ पकमागं असतो, त्यामुळं तो अधूनमधून चौकटीबाहेर जातो. परत आला तेव्हा कुठं होता यावरून मधलं ओळखायचं. ही गृहपाठाची वही मी तपासतो. गणिताची कुणी तपासत असेल की नाही, ठाऊक नाही.

पुढं बर्फावर गेलात तर

भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे, आणि आपल्या खेळाचं माहेर लडाख. डिसेंबर ते फेब्रुवारीत तिथली तळी गोठतात, आणि लेहमध्ये एनडीएस क्रीडासंकुलात रिंकही आहे. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथं भारतीय महिला संघानं आशिया चषकात कांस्य जिंकलं. देहरादूनलाही बंदिस्त रिंक आहे.

पोरांना घेऊन जाल तेव्हा पहिले दोन दिवस डावपेचांचं नावही काढू नका. चाकांवर शिकलेली पोरं पुढं झकास पळतात आणि थांबताना भिंतीला जाऊन धडकतात, कारण बर्फावर दोन्ही पाय आडवे करून बर्फ खरवडत थांबायचं असतं, आणि चाकांवर ती सवय लागलेली नसते. लेहला तर उंचीशी जुळवून घ्यायला आधी दोन-तीन दिवस नुसता आराम हवा. तिसऱ्या दिवशी बर्फावर तेच घर, तेच पाच जण, तोच पुतळ्यांचा खेळ, चालण्याच्या वेगानं. मैदान आता दुप्पट लांब वाटेल. हाक मात्र तितक्याच मोठ्यानं द्यायला लावा. पलीकडच्या संघाला "धोटा!" म्हणजे काय ते कळत नाही, तेवढा फायदा सोडू नका.